अंगठ्यापासून सहीपर्यंत : वरळीच्या श्रमिक विद्यापीठाचं जन शिक्षण संस्थान कसं झालं

नागपूर : बचत गटाच्या बैठकीत सगळ्या बाया सही करतात, पण एखादी मावशी अजूनही शाईचं पॅड मागते. २०११ च्या जनगणनेत नागपूर जिल्ह्याची साक्षरता ८८ टक्क्यांवर होती. म्हणजे सात वर्षांवरच्या दर शंभर माणसांत जवळपास बारा जण राहिलेच, त्यातही बाया जास्त. अशांसाठी काम करणारी जन शिक्षण संस्थानं आज देशात पावणेतीनशेहून जास्त आहेत, नागपुरातही आहे. या कामाचं मूळ मुंबईतल्या एका स्वयंसेवी समितीत आहे.

समितीची सुरुवात

१९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचं मंत्रिमंडळ आलं आणि मोठ्या माणसांच्या शिक्षणाचा विषय सरकारदरबारी पोचला. १९३९ मध्ये मुंबई शहरासाठी प्रौढ शिक्षण समिती झाली. स्वातंत्र्यानंतर 'प्रौढ शिक्षण' ऐवजी 'समाज शिक्षण' हा शब्द आला आणि समितीच्या नावातही तोच बसला. काम मात्र तेच, ज्यांची शाळा हुकली त्यांना अक्षरओळख करून देणं.

साताऱ्याचा धडा

१९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात ग्राम शिक्षण मोहीम निघाली. गावानं मिळून चार महिन्यांत निरक्षरांना लिहिता-वाचता करायचं, असा बेत होता. मोहीम गाजली आणि राज्यातल्या इतर जिल्ह्यांतही गेली. पण शिकलेलं टिकवायची पुढची सोय नीट झाली नाही. हाती वाचायला काही नसलं की माणूस अक्षरं विसरतो. मोहीम हळूहळू थंडावली.

वरळीत काय वेगळं केलं

मुंबईच्या समितीनं मार्च १९६७ मध्ये वरळीला देशातलं पहिलं श्रमिक विद्यापीठ उभं केलं. तिथं नुसती बाराखडी नव्हती. कामगाराच्या हातातलं काम, त्यातलं हिशेबाचं गणित, आरोग्य आणि घरसंसार हे सगळं एकत्र धरून शिकवायचं होतं. जे शिकलं ते दुसऱ्या दिवशी कामावर वापरता आलं पाहिजे, हा त्यामागचा विचार. तो पटला म्हणून केंद्र सरकारनं अशी विद्यापीठं टप्प्याटप्प्यानं इतर शहरांत काढली. २००० मध्ये त्यांचं नाव जन शिक्षण संस्थान झालं आणि काम खेड्यांतही आलं. ही संस्थानं स्वयंसेवी संस्थाच चालवतात, अनुदान केंद्राचं असतं.

जुलै २०१८ मध्ये ही योजना शिक्षणाकडून कौशल्य विकास मंत्रालयाकडे गेली. तसा भर शिवणकामासारख्या कोर्सवर आला. १५ ते ४५ वयाच्या निरक्षर, नवसाक्षर आणि शाळा सुटलेल्या लोकांना इथं प्रवेश मिळतो. कोर्स हवेतच. पण शिलाई येते अन् मापाच्या वहीतले आकडे वाचता येत नाहीत, असं झालं तर वरळीचा अर्धाच विचार उरला म्हणायचा.

आता अक्षरओळख कुठे?

त्यासाठी 'उल्लास' नव भारत साक्षरता कार्यक्रम आहे. १५ वर्षांवरच्या कोणालाही यात शिकता येतं, वयाची वरची अट नाही. चौकशी जवळच्या जिल्हा परिषद शाळेत करावी. शिकवणारे स्वयंसेवक असतात, त्यांना मानधन नाही. शेवटी १५० गुणांची परीक्षा असते, वाचन, लेखन आणि संख्याज्ञान प्रत्येकी ५०. प्रत्येक भागात किमान ३३ टक्के लागतात. राज्यात ही परीक्षा पहिल्यांदा १७ मार्च २०२४ ला झाली.

घरातली आजी किंवा काकू पास झाली, की साताऱ्याचा धडा आठवा. गटाचं रजिस्टर, कापसाच्या काट्याची पावती, सातबारा, जे कागद घरात येतील ते आधी तिच्या हातात द्या. थोडा वेळ लागेल, पण तिलाच वाचू द्या.