फुकट नको, किंमत सांगा!

१९०२ सालचं बॉस्टन. एडगर हेल्म्स नावाचे पाद्री गोणपाट घेऊन श्रीमंत वस्त्यांत फिरायचे. जुने कपडे, मोडकं सामान गोळा करायचे. सरळ वाटून टाकता आलं असतं, पण फुकट घ्यायला गरिबांनाच संकोच वाटायचा. मग त्यांनी बेरोजगारांनाच कामाला लावलं: शिवा, दुरुस्त करा, मजुरी घ्या. तयार माल स्वस्तात विकायला! यातूनच पुढे ‘गुडविल’ उभी राहिली.

मला ती किंमतीची चिठ्ठी भारी वाटते. पैसे मोजणारा माणूस कोट उलटासुलटा करून बघतो, ‘बटण तुटलंय’ म्हणतो, नाही पटलं तर ठेवून निघून जातो. दान घेताना कोण असं करेल?

आता तिथे अशा दुकानांत लोक कुरकुरतात: दानात आलेला सोफा एवढा महाग कसा? तक्रार रास्तच आहे म्हणा.