नाट्यपद आणि सीमेवरचा विद्यार्थी



१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत पांढुर्णा आणि सौंसर मध्य प्रदेशात राहिली, नागपूर पलीकडे गेले. घरी मराठी, शाळेत हिंदी अशी दुहेरी जीभ येथील मुलांच्या वाट्याला आली. असा विद्यार्थी परीक्षेसाठी नाट्यपद बसवू लागला, की स्वर लवकर जुळतात. अडते ते 'ळ'पाशी. दोष एकट्या हिंदीचा नव्हे. 'डोळा'चा 'डोया' आपली वऱ्हाडीही करतेच.

पूर्वी नाटकात बहुधा सूत्रधार गाई. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात किर्लोस्करांचे 'शाकुंतल' आले आणि पात्रे स्वतः गाऊ लागली. पद म्हणजे त्या पात्राचे बोलणेच झाले. १९६७ च्या 'कट्यार काळजात घुसली'त हे फार स्पष्ट दिसते. नाटककार पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचे. खांसाहेब साकारणाऱ्या वसंतराव देशपांडे यांनीही नागपुरातच शंकरराव सप्रे यांच्याकडे धडे घेतले. या नाटकात एकच पद पंडितजी आणि खांसाहेब दोघेही गातात. शब्द तेच, प्रकृती निराळी. विद्यार्थ्याने ही दोन्ही रूपे शेजारी ठेवून बसवावीत. खांसाहेबांच्या मराठीला उर्दू-हिंदीची लकब शोभते, आणि ती आमच्या मुलांना फुकट मिळालेली असते! पंडितजींकडे मात्र ती घासून काढावी लागते.

परीक्षेत पद प्रसंगापासून तोडून ऐकले जाते. पात्र कोणते, हे कुणी विचारीत नाही. लकब सरसकट दोष ठरते. परीक्षक असताना मी पदाआधीची चार वाक्ये म्हणावयास लावीत असे. वेळ मोडतो, अशी कुरकुर होई.