आधी जमिनीवर, मग पाण्याखाली

साधी पाणबुडी ही खरं तर पूर्णवेळ पाणबुडी नसतेच. पाण्याखाली ती बॅटरीवर चालते. बॅटरी उतरली की डिझेल इंजिन सुरू करायचं, आणि इंजिनाला हवा लागते. म्हणजे अधूनमधून वर येऊन निदान नळीचं तोंड तरी पाण्याबाहेर काढायचं. लपण्यासाठी बनवलेली वस्तू नेमकी तेव्हाच सापडते! अणुभट्टीला हवा लागत नाही. त्यामुळे अणुपाणबुडी महिनोन् महिने खाली राहू शकते. वर यावं लागतं ते माणसांचा शिधा संपला म्हणून.

डिसेंबर १९७१ मध्ये अमेरिकेनं 'एंटरप्राइज' ही अणुशक्तीवर चालणारी विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे पाठवली, हे आपल्याला शाळेपासून माहीत असतं. अशा जहाजाला दूर ठेवायचं तर त्याच्या मागावर राहू शकणारी पाणबुडी हवी. भाभा अणुसंशोधन केंद्रात, म्हणजे आपल्या तुर्भ्यात, पाणबुडीच्या अणुभट्टीवर विचार सुरू झाला तो त्याच काळात. पण 'अरिहंत' नौदलात दाखल झाली ऑगस्ट २०१६ मध्ये. मधली चार दशकं कुठे गेली?

तर मुद्दा असा, की आपल्याला अणुभट्टी बांधता येत होती, पण वेगळ्या जातीची. आपल्या बहुतेक वीजकेंद्रांत नैसर्गिक युरेनियम आणि जड पाणी वापरतात. अशी भट्टी अवाढव्य होते. जमिनीवर चालतं, पाणबुडीत कसं चालणार? तिथे इंधन समृद्ध युरेनियमचंच हवं, आणि ते आपल्याला कोणी विकणार नव्हतं. त्यासाठी मैसूरजवळ रत्तेहळ्ळीला वेगळा कारखाना उभारावा लागला. शिवाय वीजकेंद्रातली भट्टी एका लयीत चालते. पाणबुडीतली डुलते, कलते, आणि कप्तानानं हुकूम दिला की तिनं झटकन ताकद वाढवायची आणि तितक्याच झटकन कमी करायची. आमच्या भाषेत सांगायचं तर दोन्हींचं स्पेसिफिकेशनच वेगळं.

सुरुवातीची डिझाइन्स नौदलाच्या पसंतीस उतरली नाहीत. नौदलाचे कॅप्टन बी. के. सुब्बा राव यांनी ती तपासली आणि ही चालणार नाहीत असं सांगितलं. पुढे मे १९८८ मध्ये मुंबई विमानतळावर याच सुब्बा रावांना गुपितं बाहेर नेत असल्याच्या आरोपाखाली अटक झाली. जप्त कागदांत त्यांचा मुंबई आयआयटीतला पीएचडीचा प्रबंधही होता. वीसेक महिने ते तुरुंगात होते. स्वतःचा खटला स्वतः लढले, आणि आरोप न्यायालयात टिकला नाही. अटकेचं खरं कारण काय यावर कोणी काहीही म्हणो, पण गुप्त प्रकल्पात चूक दाखवणाऱ्याची जागा किती अवघड असते ते यातून दिसतं. कोड रिव्ह्यूमध्ये आपण चार जणांसमोर भांडतो आणि चहाला एकत्र जातो. तिथे चार जणांना बोलवायचीच सोय नव्हती.

१९८८ मध्येच सोव्हिएत संघानं एक अणुपाणबुडी तीन वर्षांच्या भाड्यानं दिली, 'चक्र'. आपल्या लोकांनी ती जानेवारी १९९१ पर्यंत चालवली. चालवणं आणि बांधणं यात फरक आहेच, पण आपल्याला काय बांधायचंय हे त्या तीन वर्षांत कळलं असणार.

खरी कलाटणी मिळाली ती कल्पक्कमला. तिथे पाणबुडीची भट्टी आधी जमिनीवर उभी केली. ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेच्या 'नॉटिलस'ची भट्टीही १९५३ मध्ये आधी आयडाहोच्या वाळवंटात चालली, समुद्रापासून शेकडो मैल दूर, आणि पाणबुडी अणुशक्तीवर निघाली जानेवारी १९५५ मध्ये. कल्पक्कमची भट्टी नोव्हेंबर २००३ मध्ये सुरू झाली. २ ऑगस्ट २००९ ला पत्रकारांना ती दाखवली गेली, तेव्हा अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष होते अनिल काकोडकर. त्याच्या आठवडाभर आधी, २६ जुलैला, विशाखापट्टणमला 'अरिहंत' पाण्यात उतरली होती. रशियाची मदत झाली, हे सरकारनंही मोकळेपणानं सांगितलं.

यात महाराष्ट्राचा आणखी एक वाटा आहे, आणि तो मला फार आवडतो. 'अरिहंत'चा गिअरबॉक्स इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला बनला. साखर कारखान्याभोवती वसलेलं गाव हे! टर्बाइन फिरतं मिनिटाला हजारो फेऱ्यांनी, पंखा फिरायला हवा सावकाश, कारण जोरात फिरला तर पाण्यात बुडबुडे उठतात आणि आवाज होतो. मधला मेळ गिअर घालतो, आणि त्याचे दात जरा जरी खरखरले तरी पाणबुडी ऐकू येते. म्हणजे पाणबुडीचं लपणं शेवटी एका चांगल्या फिटरच्या हातावर येऊन ठेपतं.

मी हे लिहितोय शहागडहून, जालना जिल्ह्यातून. इथून समुद्र बघायचा तर रात्रभर एसटीत बसायचं. पण आमच्या पुलाखालची गोदावरी बंगालच्या उपसागरालाच मिळते, आणि समुद्राचा संबंध फक्त किनाऱ्यावरच्या लोकांशी असतो हे वालचंदनगरनं कधीच खोटं ठरवलंय.

आता एक बारकावा. 'अरिहंत' क्षेपणास्त्रं घेऊन दडून बसणारी आहे. शत्रूच्या जहाजांचा पाठलाग करणारी, म्हणजे हल्लेखोर अणुपाणबुडी, तिचा प्रकार वेगळा. अमेरिका, सोव्हिएत संघ, ब्रिटन, चीन यांनी आधी हल्लेखोर बांधली आणि मग क्षेपणास्त्रवाली. फ्रान्सनं उलट केलं, आणि आपणही. अणुहल्ल्याला उत्तर देण्याची खात्री आधी हवी होती. मधल्या काळात आपण रशियाकडून दुसरी 'चक्र' भाड्यानं आणली (२०१२ ते २०२१). स्वतःच्या दोन हल्लेखोर पाणबुड्यांना मंजुरी मिळाली ऑक्टोबर २०२४ मध्ये.

पाठलाग करायचा तर वेग हवा, वेगासाठी जास्त ताकदीची भट्टी हवी, आणि एवढं करून आवाज कमीच हवा. म्हणजे अवघड काम आत्ता कुठे सुरू होतंय. या वेळी कल्पक्कमचा अनुभव हाताशी आहे, वालचंदनगरसारखे कारखाने आहेत. एकच गोष्ट पैशानं विकत मिळत नाही. बंद दाराआडच्या बैठकीत एखादा कॅप्टन उठून "हे चालणार नाही" म्हणाला, तर त्याचं ऐकून घ्यायची तयारी हवी. ती असली तर वेळ वाचेल. नाहीतर मग पुन्हा चार दशकं.