मोत्यांची काढणी आणि शिंपल्यांची पेरणी

तंजावर जिल्ह्यातल्या पापनाशमच्या देवळात नायक काळातलं विटांचं भव्य धान्यकोठार आहे. हा मुलूख १७९९ पर्यंत मराठी राजांच्या कारभारात होता. पीक काढायचं तर बियाणं राखायचं, हे इथल्या शेतकऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही.

दक्षिणेला तुतिकोरिनच्या समुद्रात मात्र शेकडो वर्षं नुसती काढणीच झाली. पांड्य, पोर्तुगीज, डच, इंग्रज असे धनी बदलले. पाणबुडे दगडाच्या वजनानं तळ गाठत आणि जाळीभर शिंपले वर आणत. बहुतेकांत मोती नसे, पण फोडले सगळेच जात. शिंपल्याची पिल्लं सुमारे तीन आठवडे प्रवाहात तरंगतात, मग खडकाला चिकटतात. प्रवाह फिरला की तळ वर्षानुवर्षं ओस पडे. तिथला शेवटचा मोठा मोसम १९६१ चा.

१९७३ मध्ये तुतिकोरिनला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या डॉ. के. अलगरस्वामींनी शिंपल्यात मणी रोवून गोल मोती पिकवला. १९८१ मध्ये तिथेच टाक्यांत शिंपल्यांचं बीज तयार झालं. माझ्या मते या इतिहासातला खरा विजय हाच: मोत्यापेक्षा बियाणं मोलाचं, हे समुद्राच्या बाबतीतही अखेर आपल्याला उमगलं.