अपुरा उजेड, धावता गडी

आमच्या माणगाव तालुक्यातल्या एका गावात कबड्डी मंडळाची एक खोली आहे. (माणगाव म्हटले की इतिहासाच्या शिक्षकांना कोल्हापूरकडचे, १९२० च्या परिषदेचे माणगाव आठवते. ते वेगळे. मी बोलतो आहे ते काळ नदीच्या काठचे, रायगड जिल्ह्यातले माणगाव.) खोलीत जिंकलेल्या ढाली आहेत, आणि त्यांच्या मधोमध काचेत बसवलेला एक जुना फोटो आहे. रात्रीच्या सामन्याचा, चाळीसहून अधिक वर्षांपूर्वीचा. साखळी धरून उभे असलेले गडी त्यात बरे ओळखू येतात. पण ज्याच्यासाठी फोटो काढला तो चढाई करणारा गडी म्हणजे नुसता एक पांढरा पट्टा. हात नाही, चेहरा नाही. मी तो निरखून पाहत होतो, तेव्हा दारात बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "ते आमचे हे. बाकी सगळे दिसतात बघा, ह्यांचाच तेवढा धूर झालाय." त्यांच्या यजमानांचा खेळतानाचा दुसरा फोटो नाही. ते जाऊनही आता बरीच वर्षे झाली.

याच मंडळाने यंदा कॅमेऱ्यासाठी पैसे जमवले. मुंबईला कामाला असलेल्या चाकरमान्यांनी थोडे थोडे घातले, गावातल्यांनी घातले. कॅमेरा आला, पण लेन्स कोणती घ्यावी यावर गाडी अडली. माझा एक जुना विद्यार्थी तिथे प्राथमिक शिक्षक आहे. तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, तुम्ही फोटो काढता म्हणून विचारतो. सत्तर-तीनशेची लेन्स स्वस्त आहे आणि लांबचंही दाखवते. मग सत्तर-दोनशेला तिप्पट-चौपट पैसे कशाला मोजायचे?"

प्रश्न रास्त होता. लोकांचे पैसे होते, आणि एकदा गेले की पुन्हा जमणार नव्हते. मी इतिहासाचा मास्तर, त्यामुळे उत्तर द्यायला थेट १८४० सालापर्यंत मागे गेलो. त्याने ते सोसले, तुम्हीही थोडे सोसा.

दागेरने १८३९ मध्ये छायाचित्राची कला जगापुढे ठेवली तेव्हा माणसाला उन्हात कित्येक मिनिटे स्तब्ध बसावे लागे. भिंगातून आत येणारा उजेडच फार थोडा होता. पुढच्याच वर्षी व्हिएन्नातले गणिताचे प्राध्यापक जोसेफ पेट्झवाल यांनी नवे भिंग आखले. त्याची आकडेमोड इतकी मोठी होती की तोफखान्यातली हिशेबाला सरावलेली माणसे त्यांना मदतीला देण्यात आली. तोफेचा गोळा कुठे पडेल याचे गणित करणारी माणसे, उजेडाचा किरण कुठे पडेल याचे गणित करू लागली! हे भिंग आधीच्यापेक्षा पंधरा-सोळा पट उजेड आत घेई. मिनिटांचे काम सेकंदांवर आले. चित्राच्या कडा मात्र पुसट येत. उजेड वाढवला की दुसरीकडे काहीतरी सोडावे लागते, हे तेव्हापासूनचे आहे.

ही विद्या मुंबईला लवकर पोचली. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली आणि भाऊ दाजी लाडांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्यातले एक जाणते छायाचित्रकार होते. त्या काळच्या तसबिरी पाहा. पणजोबा रागावल्यासारखे दिसतात. ते रागावलेले नसत, श्वास धरून बसलेले असत. डोके हलू नये म्हणून पुष्कळ ठिकाणी मानेमागे लोखंडी आधारही लावीत.

हलत्या प्राण्याला पहिल्यांदा नीट पकडले ते मायब्रिजने, १८७८ साली, अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात. धावत्या घोड्याच्या वाटेवर त्याने बारा कॅमेरे ओळीने मांडले आणि घोडा पुढे जाईल तसतशी एकेका कॅमेऱ्याची झडप उघडून मिटत गेली. पण तिथे रणरणते ऊन होते, आणि घोडा कोणत्या वाटेने जाणार हे आधीच ठरलेले होते. आमचा चढाईचा गडी असा वाट सांगून कुठे जातो?

आता आपल्या माणसाकडे येऊ. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, मुंबईतले व्यवसायी छायाचित्रकार. १८९६ मध्ये मुंबईत ल्युमिएर बंधूंची चालती चित्रे दाखवली गेली, ती पाहून त्यांनी विलायतेहून चलत्‌चित्रांचा कॅमेरा मागवला. १८९९ मध्ये त्यांनी तो रोखला कशावर? देवळावर नाही, मिरवणुकीवर नाही. पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी या दोन पैलवानांच्या कुस्तीवर. ही कुस्ती मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये झाली. भारतीय माणसाने घेतलेले हे पहिले चलत्‌चित्र, असे चित्रपटाचे इतिहासकार मानतात. मला यात सावेदादांचा व्यवहारी शहाणपणा दिसतो. कुस्तीत हालचाल भरपूर, पण ती एकाच जागी घोटाळते. कॅमेरा तिवईवर स्थिर ठेवला तरी पैलवान चौकटीबाहेर पळत नाहीत. आणि उघड्या जागेत उजेडाला तोटा नाही. म्हणजे त्यांनी आपल्या भिंगाला झेपेल असा विषय निवडला.

दादासाहेब फाळक्यांनीही १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' सूर्यप्रकाशाच्या आधाराने केला. ही अडचण उलट्या बाजूने सोडवली ती कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी. या गृहस्थांनी १९१८ च्या सुमारास स्वतःच्या हातांनी कॅमेरा तयार केला, आणि १९२३ मध्ये हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीवरून 'सिंहगड' काढला. तानाजीची चढाई रात्रीची. ती भर दुपारी दाखवून कसे चालेल? बाबूरावांनी विषय बदलला नाही, कृत्रिम दिवे लावून उजेड आणला. भारतीय चित्रपटात तसे करणाऱ्या पहिल्यांमध्ये त्यांचे नाव घेतात.

मी विद्यार्थ्याला म्हटले, "सावेदादांसारखा विषय निवडण्याची सोय तुला नाही. सामने रात्रीचेच होणार, कारण दिवसा पोरं कामावर असतात. बाबूरावांसारखा उजेड आणण्याचीही नाही. चढाई करणाऱ्याच्या डोळ्यांवर फ्लॅश मारलास तर त्याचा तोल जाईल आणि पंच तुला मैदानाबाहेर काढतील. मग हातात उरलं काय? भिंग."

लांबचे जवळ आणणारे टेलिफोटो भिंग १८९१ च्या सुमाराचे. इंग्लंडात डॉलमेयर आणि जर्मनीत श्टाइनहाइल व मीटे, अशा तिघांनी ते साधारण एकाच वेळी काढले. युक्ती अशी की पुढे बहिर्गोल भिंगांचा गट आणि मागे अंतर्गोल भिंगांचा गट बसवायचा, म्हणजे नाभीय अंतर लांब राहूनही नळी आखूड होते. अंतर कमीजास्त करता येणारे, म्हणजे झूम, भिंग पस्तीस मिलिमीटरच्या कॅमेऱ्यासाठी १९५९ मध्ये बाजारात आले. त्याचे नाव झूमार. त्याचा पल्ला ३६ ते ८२ मिलिमीटर, म्हणजे फार लांबचा नव्हे. लांब पल्ला, भरपूर उजेड आणि झूम या तीन गोष्टी एका नळीत हाताने धरता येतील अशा बसायला १९८० चे दशक सरत आले. कॅननची ७०-२०० एफ २.८ ही लेन्स १९९५ सालची. त्यानंतर वर्तमानपत्रांच्या क्रीडा छायाचित्रकारांच्या खांद्यावर हाच पल्ला जिकडे तिकडे दिसू लागला.

आता हा 'एफ'चा आकडा. शिक्षकांनी तो वर्गात फळ्यावर करून दाखवण्यासारखा आहे. नाभीय अंतराला उजेडाच्या छिद्राच्या व्यासाने भागले की तो येतो. २०० मिलिमीटर आणि एफ २.८ म्हणजे छिद्र सुमारे ७१ मिलिमीटरचे. तेच एफ ५.६ असेल तर सुमारे ३६. व्यास निम्मा, म्हणून क्षेत्रफळ पाव, म्हणून उजेडही पाव. महाग भिंग जड का, त्याचे उत्तर याच ७१ मिलिमीटरमध्ये आहे. काच तेवढी मोठी लागते. जुन्या ७०-२०० चे वजन सव्वा ते दीड किलो भरते. आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांसाठीच्या काही लेन्स किलोच्या आसपास आल्या आहेत.

स्वस्त झूमच्या खोक्यावर बहुधा दोन आकडे असतात, ४ ते ५.६ किंवा ४.५ ते ६.३ असे. दुकानदार पहिला सांगतो. तुम्ही दुसरा वाचा, कारण लांबच्या टोकाला तोच लागू होतो, आणि लांबचे टोक तर आपल्याला हवे असते.

मंडळाच्या मैदानावर आम्ही दोघांनी एका संध्याकाळी दिवे लावून मोजून पाहिले. आयएसओ ३२०० ठेवले तर एफ २.८ ला सेकंदाचा पाचशेवा भाग मिळत होता. एफ ५.६ केले की सव्वाशेवा. गड्याचा हात सेकंदाला पाच मीटर वेगाने झेपावला असे धरा. सव्वाशेव्या भागात तो चार सेंटिमीटर सरकतो, म्हणजे बोटे एकमेकांत मिसळतात. पाचशेव्या भागात एकच सेंटिमीटर. आता तो जुना फोटो आठवा. त्याच उजेडात, ४०० च्या फिल्मवर आणि एफ २.८ चेच भिंग असते तरी, साठाव्या भागाच्या वर जाता आले नसते. आठ सेंटिमीटर! आजी ज्याला धूर म्हणाल्या तो हा. बिचाऱ्या फोटोग्राफरचा काही दोष नव्हता.

"पण सर, स्वस्त लेन्समध्ये कंप थांबवायची सोय आहे ना?" त्याने विचारले. आहे, आणि चांगली आहे. परंतु ती थांबवते तुझ्या हाताचा कंप. समोरचा गडी धावतच राहतो. रायगडावर राज्याभिषेक सोहळ्याच्या पहाटे तटबंदीचा किंवा समाधीचा फोटो काढायचा तर ही सोय सोन्यासारखी. कबड्डीत तिचा उपयोग बेताचा.

आणि तीनशेचा पल्ला इथे लागतच नाही. कबड्डीचे मैदान तेरा मीटर लांब, दहा मीटर रुंद. पंधरा मीटरवरून, मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यात, ७० ला पावणेआठ मीटर रुंदीचे दृश्य मावते, म्हणजे अख्खी साखळी. २०० ला पावणेतीन मीटरचे, म्हणजे चढाई करणारा आणि त्याला पकडणारे दोघे. मधल्या सेन्सरच्या स्वस्त कॅमेऱ्यात हेच दृश्य आणखी आवळून येते. तीनशे घेऊन काय गड्याचे नाक काढायचे आहे? पक्ष्यांसाठी हवे असेल तर गोष्ट निराळी.

पैसे खरोखरच कमी असतील तर माझे मत थोडे वेगळे पडते. मग झूमचा नाद सोडावा आणि ८५ मिलिमीटरची एफ १.८ ची स्थिर लेन्स घ्यावी. ती अर्धा किलोही भरत नाही, २.८ च्या सुमारे अडीचपट उजेड घेते, आणि रेषेजवळ बसायला मिळाले तर कबड्डीला पुरते. विक्रेते हे फारसे सांगत नाहीत. मंडळाला मात्र सामन्याबरोबर बक्षीस समारंभ, पालखी आणि शाळेच्या शर्यतीही टिपायच्या होत्या, म्हणून झूम हवीच होती.

शेवटी त्यांनी मुंबईहून एक वापरलेली ७०-२०० एफ २.८ आणली. वापरलेली घेताना मोबाइलची बत्ती मागून मारून पुढून पाहावे. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसल्या तर ती बुरशी, तशी लेन्स परत द्यावी. आपल्या कोकणात हा रोग फार. पावसाळ्यात माझी स्वतःची एक लेन्स चामड्याच्या पिशवीत गुंडाळून कपाटात ठेवली आणि गणपतीला काढली, तोवर तिच्यात जंगल उगवले होते. हवाबंद डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिकाच्या पुड्यांबरोबर ठेवावी, आणि पुड्या अधूनमधून बदलाव्यात.

दिव्यांचेही एक लक्षात ठेवा. आपली वीज पन्नास आवर्तनांची, त्यामुळे काही दिवे सेकंदाला शंभरदा मंद-प्रखर होतात. लागोपाठ काढलेल्या फोटोंत एक उजळ आणि एक काळपट आला तर लेन्सला शिव्या देऊ नका. कॅमेऱ्यात हे लुकलुकणे सांभाळण्याची सोय असेल तर ती चालू करा.

पहिल्या सामन्याचे फोटो घेऊन तो परवा आला. त्या आजींचा नातू आता चढाई करतो. एका फोटोत त्याची पाचही बोटे मोजता येतात, तळव्यावरची धूळसुद्धा दिसते. पण चेहरा पुसट, आणि मागचा बचाव करणारा गडी मात्र लख्ख. दहा मीटरवर, २०० ला, एफ २.८ ठेवले की स्पष्टतेची खोली जेमतेम चाळीस सेंटिमीटर मिळते. हात आणि पकड करणारा तिच्यात सापडले, चेहरा बाहेर राहिला. मी म्हटले, "अरे, फोकसचा ठिपका छातीवर ठेव, आणि शनिवारी पोरं सराव करतील तेव्हा दोनशे फोटो काढून बघ."

आजींना फोटो दाखवलास का, असे विचारले. दाखवला होता. त्यांनी तो डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाल्या, "हात अगदी ह्यांचाच आहे." मग चेहऱ्याचा फोटो कधी काढणार, तेही विचारून घेतले.