वाचता येतं, हे कशावरून?

दिवाळीत केडगावला घरी गेले होते. दुसरीतल्या भाचीनं पुस्तकातला धडा घडाघडा वाचून दाखवला. मी त्यातलंच एक वाक्य कोऱ्या कागदावर लिहून पुढे केलं. ती थांबली. म्हणाली, "मावशी, ह्याच्यावर चित्र कुठंय?" धडा पाठ होता, वाचन अजून यायचं होतं.

एम.एस्सी.च्या प्रयोगशाळेत एक सवय लागली: तुलनेला दुसरा गट नसेल, तर निष्कर्षाची घाई करायची नाही. वाचन शिकवण्यात ही सवय कशी आली, ती गोष्ट आमच्या नगरपासूनच सांगता येते.

अमेरिकन मिशनच्या सिंथिया फरार 1827 मध्ये मुंबईत आल्या आणि 1839 मध्ये नगरला. त्यांच्या मुलींच्या शाळा बघायला जोतीराव फुले आले, सोबत मित्र सदाशिव गोवंडे. 1848 मध्ये जोतीरावांनी पुण्यात शाळा काढली. 'मुली शिकूच शकत नाहीत' हा समज खोडायला वाचणारी एक मुलगी पुरे. पण कोणत्या पद्धतीनं जास्त मुलं वाचायला लागतात, हे नुसतं बघून कळत नाही.

पुढे सरकार मोजायला लागलं, पण पैसे देण्यासाठी. परीक्षेचा निकाल बघून शाळेला अनुदान. 1882 मध्ये हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात फुल्यांनी स्पष्ट सांगितलं, की ही पद्धत गरिबांच्या शिक्षणासाठी मुळीच योग्य नाही. निकाल लागेपर्यंत शाळा पदरच्या पैशानं कोण चालवणार? मला त्यात आणखी एक धोका दिसतो. निकालावर पैसे ठरले, की पाठांतर करून घेणं सगळ्यात सोपं.

खरी तुलना व्हायला 2001 उजाडलं. 'प्रथम' संस्थेचा बालसखी कार्यक्रम मुंबई आणि वडोदऱ्यात होता. मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना वस्तीतलीच एक तरुणी रोज दोन तास शिकवायची. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी शाळांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटात एका इयत्तेला बालसखी, दुसऱ्यात दुसऱ्या इयत्तेला. म्हणजे मदत सगळ्या शाळांना मिळाली आणि तुलनाही झाली. मुलं पुढे गेली, पण कार्यक्रम संपल्यावर वर्षभरात तो फायदा बराच ओसरला. तेही त्यांनी छापलं. पुरावा म्हणतात तो हा.

तरी 'मराठी वाचायला कसं शिकवायचं?' हा प्रश्न उरतोच. शैलजा मेनन यांच्या गटानं वाडा तालुक्यात मराठी आणि यादगीरला कन्नड शिकणाऱ्या पहिली ते तिसरीच्या मुलांचा काही वर्षं मागोवा घेतला. वर्गात भर मुळाक्षरं आणि घोकण्यावर होता. अर्थ, गप्पा आणि स्वतःच्या मनातलं लिहिणं मागेच राहत होतं. अक्षरं नकोत असा ह्याचा अर्थ नाही. अक्षरं आणि अर्थ सोबत चालायला हवेत.

दुसऱ्या दिवशी भाचीला म्हटलं, तू सांग, मी लिहिते. तिनं सांगितलं, "आजीनं चकली केली." मग बोट ठेवून ती ते वाचायला लागली. 'चकली'वर अडखळली, परत मागे गेली.

ती अडखळली, तेव्हा मला बरं वाटलं.