करंजी, पेराड आणि शेजारचे ताट



आगमनकाळ सुरू झाला की आपल्या वडोदऱ्यातल्या ख्रिस्ती घरांत पिठाचे डबे खाली उतरतात. अलीकडे बऱ्याच घरांत छोटा ओव्हन आला आहे. त्यामुळे तळलेल्या करंज्यांबरोबर भाजलेल्या करंज्याही होऊ लागल्या आहेत. आकार तोच, अर्धचंद्राचा. आत मात्र खोबऱ्याच्या सारणाऐवजी जाम. मुलांना त्या फार आवडतात. पण धर्मशिक्षणाच्या वर्गात दरवर्षी एक प्रश्न येतोच : "करंजी तर दिवाळीची. मग ती आपली कशी?" कधी हाच प्रश्न उलट बाजूने येतो : "शेजाऱ्यांनी दिवाळीचा फराळ दिला तर घ्यावा का?" प्रश्न लहान वाटतो, पण त्यामागे मोठा इतिहास आहे. तो समजून घेतल्याशिवाय उत्तर देऊ नये असे मला वाटते.

आधी जामच्या चंद्रकोरीकडे पाहू. युरोपात अशा आकाराच्या पदार्थाबद्दल एक गोष्ट सांगतात. 1683 साली तुर्कांनी व्हिएन्ना शहराला वेढा घातला. तो उठल्यावर तिथल्या बेकरीवाल्यांनी तुर्की निशाणावरच्या चंद्रकोरीच्या आकाराचा पाव भाजला आणि लोकांनी तो विजय म्हणून खाल्ला, अशी ती कथा. ऐकायला बरी आहे, पण खरी नाही. व्हिएन्नात 'किप्फेर्ल' नावाच्या चंद्रकोरी पावाचा उल्लेख तेराव्या शतकापासून सापडतो, म्हणजे वेढ्याच्या चारशे वर्षे आधी. पुढे ऑगस्ट झांग या ऑस्ट्रियन माणसाने 1838-39 च्या सुमारास पॅरिसमध्ये व्हिएन्ना पद्धतीची बेकरी काढली आणि तिथून आजच्या क्रोसाँची वाट सुरू झाली. शत्रूला खाऊन टाकण्याची गोष्ट नंतर चिकटवलेली आहे. पदार्थ आधीचा, वैर मागाहूनचे.

आपल्या कोकणातल्या चंद्रकोरीची गोष्ट वेगळी आहे. करंजी पोर्तुगीज येण्याच्या आधीपासून इथल्या चुलीवर होती. गोव्यात तिला नेवरी म्हणतात. हिंदू घरांत ती गणेशचतुर्थीला होते, ख्रिस्ती घरांत नाताळला. वसई आणि मुंबईकडच्या ईस्ट इंडियन कुटुंबांतही नाताळच्या ताटात कलकलांशेजारी ती असतेच. गंमत म्हणजे खुद्द पोर्तुगालमध्येही नाताळला 'आझेव्हिया' नावाचा अर्धचंद्राकृती तळलेला पदार्थ करतात, आत चण्याचे गोड सारण भरून. म्हणजे बाहेरून आलेल्यांनाही हा आकार परका वाटला नसेल.

आत भरायचा जाम मात्र समुद्र ओलांडून आला. पोर्तुगालमध्ये 'मार्मेलो' नावाच्या फळाचा गर साखरेत आटवून वडी करत. तिचे नाव 'मार्मेलाडा'. इंग्रजीतला मार्मलेड शब्द तिथूनच निघाला. ते फळ उष्ण प्रदेशात होत नसे, म्हणून ब्राझीलमध्ये पेरूची वडी सुरू झाली. पेरू हे मुळात अमेरिका खंडातले झाड. पोर्तुगीजांच्या जहाजांबरोबर ते आपल्याकडे आले आणि गोव्यात त्याच रीतीने पेरूचे 'पेराड' होऊ लागले. आज नाताळच्या ताटात लाल चौकोनी वड्या असतात, त्या ह्याच.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. नव्याने ख्रिस्ती झालेल्या माणसाने शेजाऱ्याची रीत ठेवावी की टाकावी? ख्रिस्तसभेच्या इतिहासात याला दोन उत्तरे मिळालेली आहेत.

पहिले उत्तर इ. स. 601 मधले. पोप ग्रेगरी यांनी इंग्लंडला निघालेल्या मेलिटस नावाच्या मठाधिपतींना पत्र लिहिले. तिथल्या लोकांची मंदिरे पाडू नका, मूर्ती काढून तीच प्रार्थनेसाठी वापरा. त्यांना बैल मारून सण करायची सवय आहे, तर तो सण आता देवाच्या स्तुतीसाठी होऊ द्या, मेजवानी बंद करू नका, असा त्या पत्राचा आशय आहे. बाहेरचा आनंद थोडा राहू दिला तर आतल्या आनंदाकडे जाणे सोपे होईल, हा त्यांचा विचार.

दुसरे उत्तर आपल्या किनाऱ्यावरचे. गोव्यात 1560 साली धर्मन्यायालय सुरू झाले. 14 एप्रिल 1736 रोजी त्याने एक लांबलचक फर्मान काढले. ख्रिस्ती घराच्या आवारात तुळस नको, लग्नात हळद लावणे नको, हिंदूंसारखा मिठाशिवाय भात शिजवणे नको, अशी त्यात कितीतरी कलमे होती. भातातल्या मिठापर्यंत सत्तेची नजर पोहोचली होती. वसईही तेव्हा पोर्तुगीजांकडेच होती. पण तीनच वर्षांनी, मे 1739 मध्ये, चिमाजीअप्पांनी वसई जिंकली. पोर्तुगीज गेले, तरी वसईचे ख्रिस्ती ख्रिस्तीच राहिले, आणि त्यांची बोलीही टिकली. गोव्यातले धर्मन्यायालय शेवटी 1812 साली कायमचे बंद झाले.

या दोन उत्तरांपैकी आपल्या आज्या-पणज्यांनी कोणते निवडले? त्यांनी ग्रेगरींचे पत्र वाचले नव्हते. तरी त्या त्यांच्याच वाटेने गेल्या. त्यांनी करंजी टाकली नाही. ती येशूबाळाच्या वाढदिवसाला आणून ठेवली. पीठ तेच, कातण तेच, आनंदाचे कारण नवे. फर्मान इतिहासजमा झाले. करंजी अजून आपल्या ताटात आहे.

गोव्यात नाताळच्या फराळाला 'कुसवाद' म्हणतात, मंगळूरकडे 'कुसवार'. हा शब्द पोर्तुगीज 'कोन्सोआदा'वरून आल्याचे मानतात. कोन्सोआदा म्हणजे नाताळच्या आदल्या रात्रीचे, उपासानंतरचे जेवण, आणि त्याचे मूळ लॅटिनमधल्या 'सांत्वन करणे' या क्रियापदाकडे नेतात. यशयाच्या ग्रंथातला चाळिसावा अध्याय आपण आगमनकाळात ऐकतो. तोही सांत्वनानेच सुरू होतो. गोव्यात हे कुसवाद रुमालाने झाकून शेजारच्या घरी पाठवतात, हिंदू शेजाऱ्यांकडेही. सांत्वन ताटातून दुसऱ्याच्या दारी जाते. यापो शहरात पेत्राला झालेला दृष्टान्त आठवा (प्रेषितांची कृत्ये, अध्याय 10). भूक लागलेली असताना त्याच्यासमोर खाण्याच्या वस्तू उतरल्या, पण त्यातून तो शिकला ते माणसांविषयी : कोणालाही अपवित्र म्हणू नये.

वडोदऱ्यात हे समजायला आपल्याला लांब जावे लागत नाही. गायकवाडांबरोबर आलेली मराठी घरे इथे आहेत. त्यांची करंजी कातणाने कापलेली असते. गुजराती शेजाऱ्यांचा घुघरा त्याच आकाराचा, पण कडेला हाताने मुरड घातलेला. आणि आपल्या धर्मग्रामांत गोव्याची, वसईची, केरळची, गुजराती अशी सगळी माणसे एका वेदीभोवती जमतात. तेव्हा मुलांनो, शेजाऱ्यांनी प्रेमाने दिलेला फराळ प्रेमाने घ्या, आणि नाताळला त्यांचे ताट रिकामे परत पाठवू नका.

करून पाहणाऱ्यांसाठी थोडक्यात कृती : 250 ग्रॅम मैद्यात चिमूटभर मीठ, 2 चमचे पिठीसाखर आणि 125 ग्रॅम थंड लोणी बोटांनी चोळा. 4-5 चमचे गार पाण्यात गोळा करून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. तीन इंचांच्या पुऱ्या लाटा. मध्ये एक छोटा चमचा घट्ट जाम किंवा पेराड ठेवा. पातळ जाम उकळून बाहेर येतो. कडा पाण्याने चिकटवून काट्याने दाबा, वर दोन टोचे मारा. 180 अंशांवर 20 ते 25 मिनिटे, कडा सोनेरी होईपर्यंत भाजा. गार होऊ द्या. आतला जाम जीभ भाजतो.

आणि पहिल्या चार शेजारी देण्यासाठी बाजूला काढा.

आपणा सर्वांना आगमनकाळाच्या शुभेच्छा. प्रभू आपल्या घराला आणि शेजारच्या घरालाही आशीर्वाद देवो.